कार्यशाळेत घडेल ते मांडवात दिसू द्या : पुण्यातील गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील सर्व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षी बाप्पांचे आगमन २७ ऑगस्टला झाले होते, म्हणजे तयारीसाठी आपल्याला या वेळी अठरा दिवस जास्त मिळाले आहेत. पालख्या शहरातून पुढे गेल्या की मंडळांच्या बैठकांना वेग येतो, पावतीपुस्तके छापून येतात, आराशीचा विषय ठरतो, मांडववाल्याशी बोलणी होतात. या बैठकांत हल्ली आणखी एक विषय असतो, तो म्हणजे उत्सवाआधी मुलांसाठी किंवा महिलांसाठी एखादी कार्यशाळा घेण्याचा. शाडूची मूर्ती, रांगोळी, कागदी सजावट, असे काहीतरी. हा विषय बैठकीच्या अगदी शेवटी येतो आणि ‘एक रविवार बघून उरकून टाकू’ एवढ्यावर मिटतो. त्या एका रविवाराबद्दल मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे.

मी कलाशिक्षिका आहे. अशा कार्यशाळांना शिकवायला मी अनेक वर्षे जाते आहे आणि बोलावणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हेतूबद्दल मला कधीही शंका आलेली नाही. माझी विनंती एकच आहे. कार्यशाळा हा उत्सवाआधीचा एक सुटा कार्यक्रम म्हणून उरकू नका, तिला उत्सवाच्या तयारीतच सामावून घ्या. कार्यशाळेत जे घडेल ते मांडवात दिसले पाहिजे, आणि मांडवात जे दिसेल त्यातला काही भाग तरी आपल्याच वस्तीतल्या लोकांच्या हातून घडलेला असला पाहिजे.

सध्या काय होते ते पाहा. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात. प्रत्येक मुलापुढे वर्तमानपत्र, पाण्याची वाटी आणि शाडूचा एक गोळा ठेवला जातो. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होते, दोन-तीन भाषणे होतात आणि मुलांच्या हाती माती येते तेव्हा जेमतेम तासभर उरलेला असतो. तासाभरात गणपती करायचा म्हणजे शिक्षकाने पुढे बसून आता पोटाचा गोळा, आता डोक्याचा गोळा, आता सोंडेची वळी असे सांगत जायचे आणि मुलांनी मागोमाग तसेच करत जायचे. ज्याचा हात संथ आहे तो मागे पडतो, आणि ज्याला उंदीर आधी करायचा आहे त्याला थांबवावे लागते.

शाडूला मात्र आपली घाई समजत नाही. मातीचे दोन भाग एकमेकांवर नुसते दाबले तर ते चिकटल्यासारखे वाटतात, पण माती वाळताना आकसते आणि जोड उघडा पडतो. म्हणून जिथे जोड द्यायचा तिथे दोन्ही बाजूंना कोरणीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, त्यांवर पाण्यात कालवलेली पातळ माती लावायची, मग भाग बसवून जोडावरून बोट फिरवत माती एकजीव करायची. पोट जाड राहिले तर ते बाहेरून लवकर वाळते, आतून ओले राहते आणि तडकते, म्हणून ते खालच्या बाजूने कोरून पोकळ करावे लागते. हे कितीही समजावून सांगितले तरी स्वतःच्या हातून एखादी सोंड गळून पडल्याशिवाय आणि ती पुन्हा बसवल्याशिवाय मुलाला ते उमगत नाही. भाद्रपदाच्या तोंडावर हवा दमट असते. वीतभर उंचीच्या मूर्तीला सावलीत वाळायला आठ-दहा दिवस तरी द्यावे लागतात, आणि घाईने उन्हात ठेवली तर तिला चिरा पडतात. ओल्या मातीवर रंग धरत नाही. त्यामुळे आदल्या आठवड्यातल्या रविवारी केलेली मूर्ती चतुर्थीला पूजेत बसवण्याजोगी होण्याची शक्यता फार थोडी असते. मुले ती ओली मूर्ती पुठ्ठ्यावर घेऊन दुचाकीवर मागे बसतात, पहिल्या गतिरोधकाला एखादा हात निखळतो, आणि घरी पूजेसाठी स्टॉलवरची रंगवलेली मूर्ती येते.

एका मंडळाच्या कार्यशाळेत तर मला ऐन वेळी साचे आणून देण्यात आले. मुलांनी साच्यात माती दाबून मूर्ती काढाव्यात, म्हणजे छायाचित्रांत सगळ्या सारख्या आणि नीट दिसतील, असे सांगण्यात आले. साचा ही मूर्तिकाराच्या कामातली उपयोगाची वस्तू आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीने स्वतः वळलेली वाकडी सोंड बाजूला ठेवून तिच्या हाती साचा देणे हे मला पटले नाही आणि मी तसे तिथे सांगितले. आमची मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना गुणांसाठी बसतातच. वर्षातून एकदा तरी गुण आणि छायाचित्र या दोन्हींच्या पलीकडे जाऊन त्यांनी काहीतरी घडवावे, याला सार्वजनिक उत्सवाइतकी योग्य जागा दुसरी कोणती असणार?

मी नवे काही सुचवते आहे असे नाही. १८९० च्या दशकात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला व्यापक रूप आले तेव्हा मेळे हा उत्सवाचा प्राण होता. मुलांचे आणि तरुणांचे हे मेळे उत्सवाच्या कितीतरी आठवडे आधीपासून जमत, पदे बसवत, चाली घटवत, एकसारखा पोशाख करून पावले टाकायचा सराव करत, आणि मग उत्सवात गणपतीपुढे उभे राहून गात. त्या काळी कोणी त्याला कार्यशाळा म्हटले नसेल, पण शिकणे, सराव करणे आणि शिकलेले त्याच उत्सवात सर्वांसमोर सादर करणे या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या. आजच्या कार्यशाळांत पहिली थोडीशी असते, दुसरी नसते आणि तिसरीची जागा प्रमाणपत्राने घेतली आहे.

आजही पुण्यात ही साखळी शाबूत असलेली एक कला आहे, ती म्हणजे ढोल-ताशा. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि या शाळांच्या नावांनी ओळखली जाणारी पथके आणि त्यांच्या पाठोपाठ उभी राहिलेली असंख्य पथके उत्सवाच्या दोन-दोन महिने आधी सराव सुरू करतात. नवा मुलगा किंवा मुलगी आल्या आल्या मिरवणुकीत जात नाही. आधी पहिला हात, म्हणजे वादनाचा पहिला ठेका, पक्का होतो, मग दुसरा, ढोल कमरेला बांधून उभे राहण्याची सवय होते, ढोलाचे पान सैल पडून आवाज उतरला की दोर ओढून ढोल आवळायला शिकावे लागते, ताशाच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम थांबायला शिकावे लागते. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावासाठी नदीपात्रात येणाऱ्या मुलामुलींकडे पाहून मला वाटते की, सवड नाही, लोक येत नाहीत, आजच्या पिढीला चिकाटी नाही, या सगळ्या सबबी या एका उदाहरणाने खोट्या ठरवल्या आहेत. (सरावाच्या आवाजाचा नदीकाठच्या रहिवाशांना होणारा त्रास खरा आहे आणि पथकांनी तो मनावर घेतला पाहिजे. माती, बांबू आणि रंग यांच्या सरावाला ती अडचण येत नाही.) ढोलाला जे दोन महिने आपण आनंदाने देतो ते आराशीला का देऊ नयेत?

आराशीच्या बाबतीत पुण्याचा वारसा मोठा आहे. तुळशीबाग गणपतीची फायबरग्लासची मूर्ती शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी १९७५ मध्ये घडवली, आणि त्यांच्या देखाव्यांनी उत्सव पाहायला येणाऱ्यांची नजर घडवली. पौराणिक प्रसंग, हलते देखावे, पुढे जिवंत देखावे असा हा प्रवास आहे. मोटार, पट्टा आणि दांडा यांच्या जोडणीतून राक्षसाची मान वळवणारे कार्यकर्ते आपल्या मंडळांत होते, रात्रभर जागून कापडाला रंग देणारे होते, आणि ते बहुतेक त्याच गल्लीत राहणारे होते. आता अनेक ठिकाणी तयार देखावा भाड्याने येतो. ट्रकमधून उतरतो, दोन दिवसांत उभा राहतो, अकराव्या दिवशी परत जातो. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आराशीत स्थानिक कारागिरीला पुन्हा जागा मिळेल असे मला मनापासून वाटले होते. काही मंडळांनी पुठ्ठा, कापड, बांबू वापरून फार सुंदर कामे केली. पण पुष्कळ ठिकाणी थर्माकोलच्या जागी दुसरा तयार माल आला, एवढाच फरक पडला.

हे बदलण्यासाठी लागणारी माणसे मांडवापासून हाकेच्या अंतरावर आहेत. मध्यवर्ती पेठांतल्या मंडळांना तर लांब जायलाच नको. बुरूड आळीत बांबूच्या कामट्या काढणारे हात आहेत, तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवरच्या मठारकामाचे ठोके अजून ऐकू येतात, कुंभारवाड्यात मातीची जाण असलेली घरे आहेत. एखाद्या बुरूड कारागिराला बांबू चिरताना पाहण्यासारखे आहे. कोयता बांबूच्या तोंडावर ठेवून एक ठोका दिला की पुढची चीर तो जवळजवळ हाताच्या वजनानेच पुढे नेतो, पेर आले की क्षणभर थांबतो, आणि दोन्ही कामट्या सारख्या जाडीच्या निघतात. हे मुलांनी मांडी घालून समोर बसून पाहावे, मग स्वतः करून पाहावे आणि शेवटी त्याच कामट्यांची प्रभावळ गणपतीमागे उभी राहावी. वर्षभर पुस्तकात वाचून हे होणार नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. अशा कारागिरांना आपण बोलावतो तेव्हा बहुतेक वेळा शाल, श्रीफळ आणि गुलाबपुष्प देऊन त्यांची बोळवण करतो. उत्सवाआधीचे आठवडे हा त्यांच्या कमाईचा हंगाम असतो. मूर्तिकाराला तर शेवटच्या पंधरवड्यात मान वर करायला फुरसत नसते. त्याचा एक दिवस घेणे म्हणजे त्याची त्या दिवसाची कमाई बुडवणे आहे. सत्कार जरूर करा, पण त्याआधी त्यांचे मानधन ठरवा, ते मंडळाच्या अंदाजपत्रकात ‘कार्यशाळा’ या नावाने वेगळे लिहा आणि काम संपेल त्या दिवशी हातात द्या. मिरवणुकीच्या एका रात्रीसाठी स्पीकरच्या भिंतींवर जो पैसा जातो त्याच्या थोड्या भागात दोन महिन्यांचे शिकवणे सहज बसेल. हा हिशेब प्रत्येक खजिनदाराने आपल्या वहीत मांडून पाहावा, एवढेच मी म्हणते.

जिवंत देखाव्यांचा विचार तर आणखी गंभीरपणे व्हावा, कारण तिथे सबंध वस्तीला सामावून घेण्याची जागा आहे. सध्याची पद्धत अशी की संहिता बाहेरून येते, संवाद स्टुडिओत व्यावसायिक आवाजांत ध्वनिमुद्रित होतात आणि आपली मुले त्यांवर ओठ हलवतात. ही मुले तोच प्रसंग संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा सादर करतात, त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण त्यांचा आवाज, त्यांची बोली आणि त्यांनी ऐकलेल्या गोष्टी त्यात कुठेच नसतात.

या वर्षी १२ जुलैला पानशेतच्या पुराला ६५ वर्षे होतील. १९६१ मध्ये पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. शनिवार, नारायण, कसबा या पेठांत, आणि पूरग्रस्तांसाठी वसलेल्या गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या भागांत अशी माणसे अजून भेटतात. एखाद्या मंडळाने आषाढात मुलांना वह्या देऊन त्यांच्याकडे पाठवावे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणाच्या गच्चीवर किती कुटुंबे बसली, दुसऱ्या दिवशी घरात किती गाळ होता, तो कसा काढला, हे मुलांनी ऐकून लिहून आणावे. श्रावणात त्यातून संवाद लिहावेत, ते वस्तीतल्याच आजी-आजोबांच्या आणि मुलांच्या आवाजात मुद्रित करावेत, आणि भाद्रपदात तो देखावा उभा राहावा. शहराचा इतिहास असा कोणी सांगितला तर तो पाहायला मी स्वतः रांगेत उभी राहीन. पाच-दहा वर्षांनी हे सांगणारे आपल्यात किती असतील याचा विचार करून तरी हा विषय या वर्षी घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी बैठकांत ऐकला आहे. मुलांचे आणि नवशिक्यांचे काम मांडवात ठेवले तर आरास बाळबोध दिसेल, स्पर्धेतला क्रमांक जाईल, गर्दी शेजारच्या मंडळाकडे वळेल, असे कार्यकर्ते म्हणतात. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. वर्षभर राबणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्या मंडळाचा अभिमान असतो आणि तो असावा. पण त्यावर उपाय आहे. आराखडा जाणकार कलाकाराकडून करून घ्या, अवघड भाग कारागिराने करावा, आणि जिथे एकच घटक शेकडो वेळा लागतो तिथे वस्तीतले लोक येऊ देत. कमळाच्या पाकळ्या, मातीच्या पणत्या, कापडावरचे ठसे, कागदाच्या लगद्याचे दगड आणि पाने, ही कामे सातत्याने सराव करणारी मुले आणि बाया उत्तम करतात. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनाही माझी विनंती आहे की, देखावा कोणी आणि कसा घडवला याला परीक्षणात वेगळे गुण ठेवावेत. तसे झाले तर निम्मा आक्षेप आपोआप विरेल.

उपनगरांतल्या मंडळांशी मला थोडे वेगळे बोलायचे आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. तिथल्या सोसायट्यांत नोकरीसाठी आलेली, शेजाऱ्याचे नाव नीटसे ठाऊक नसलेली कुटुंबे आहेत, आणि त्याच सोसायट्यांच्या भिंतीला लागून मूळ गावठाण आहे. गावठाणातल्या ज्येष्ठांना भजनाची, लेझमीची, बैलपोळ्याच्या सजावटीची जाण आहे, सोसायटीतल्या मुलांकडे संध्याकाळचा वेळ आहे, पण दोघांचे मांडव वेगळे आणि कार्यक्रम वेगळे. पेठांतल्या मंडळांसारखी शंभर वर्षांची परंपरा पाठीशी नाही म्हणून मोठ्या रोषणाईने ती भरून काढायचा प्रयत्न होतो. त्याऐवजी गावातले मंडळ आणि सोसायट्या यांनी मिळून एक कार्यशाळा चालवून पाहावी. लेझीम शिकवायला गावातले गुरुजी आणि शिकायला दोन्हीकडची मुले, एवढ्याने सुरुवात होईल.

जागेचा प्रश्न खरा आहे, पण सुटणारा आहे. शाळांची सभागृहे संध्याकाळी बंद असतात. मंडळांनी एकत्रितपणे मागणी केली तर आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांतली काही उघडता येतील, आणि ती उघडून द्यावीत अशी विनंती मी महापालिकेलाही या पत्रातून करते. ओल्या मूर्ती आणि अर्धवट झालेली कामे ठेवायला कोरडी, कुलूप लागणारी खोली मात्र आधी पाहून ठेवा. रोज सामान उचलून नेणे आणि परत आणणे यातच उत्साह संपतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. संध्याकाळची वेळ ठरवताना घरकाम आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांना ती जमते का, हे त्यांनाच विचारा.

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला महाराष्ट्राचा राज्य महोत्सव म्हणून जाहीर केले. त्या निमित्ताने सांस्कृतिक उपक्रमांबद्दल पुष्कळ बोलले गेले. मोठे सोहळे होतील, त्यांना माझा विरोध नाही. पण राज्य महोत्सवाचा मान मिळालेल्या उत्सवात गल्लीतल्या मुलाला स्वतःच्या हाताने काही घडवायला जागा मिळाली का, हे पाहण्याचे काम शासन करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत बरोबर दोन महिने मिळतात. आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. तिच्याआधी प्रत्येक मंडळाने एक बैठक केवळ या विषयासाठी बोलवावी, तीत वस्तीतल्या दोन-चार बाया, शाळेतले एखादे कलाशिक्षक आणि एक कारागीर यांना बसवावे, आराशीचा कोणता भाग कार्यशाळेतून होणार ते लिहून ठरवावे, आणि माती, बांबू व कापड यांची मागणी लगेच नोंदवावी. मूर्ती करायच्या असतील तर त्यांचे मातीकाम श्रावणाच्या मध्यापर्यंत संपले पाहिजे, म्हणजे वाळायला आणि डोळ्यांची आखणी निवांतपणे करायला वेळ राहील. ज्यांनी काम केले त्या सर्वांची नावे, कारागिरांसह, मांडवाच्या दर्शनी फलकावर देणगीदारांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत लावावीत.

शिकवायला माणसे कमी पडली तर शहरातले कलाशिक्षक येतील. त्यांतल्या अनेकांशी मी बोलले आहे आणि आठवड्यातली एक संध्याकाळ द्यायला ते तयार आहेत. आपल्या भागातल्या शाळेत जाऊन विचारावे.

आपली नम्र,
एक कलाशिक्षिका
पुणे, जून २०२६